आरंभीची शिल्लक: गोळी रोज तेवढीच, मग अंगात औषध जास्त कसं होतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा आणि मुलं झोपल्यावर निवांत वाचा.

मे महिना आला की आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि एक वेगळी पिशवी, गोळ्यांची. तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सहा महिन्यांचा साठा, प्रत्येक पाकिटावर बॉलपेनने 'सकाळ', 'रात्र'. मग इथे कधीतरी कुणाला मळमळतं, चक्कर येते, पाय सुजतात, आणि आपण गोळ्यांबद्दल विचारलं की हमखास उत्तर मिळतं, "अगं, चार वर्षं हीच गोळी घेतेय, एवढीच घेतेय. तिचा आता काय त्रास होणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं नीट उत्तर सापडायला वैद्यकशास्त्राला सुमारे दीडशे वर्षं लागली, आणि त्यातला बराचसा इतिहास आपण राहतो त्याच देशात घडला. मी डॉक्टर नाही, सीए आहे. त्यामुळे कुठली गोळी घ्या, कुठली बंद करा हे इथे मिळणार नाही. पण हा विषय मुळात हिशेबाचा आहे, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

आधी हिशेब. ज्यांनी अकाउंट्स शिकलंय त्यांना घसाऱ्याची रिड्यूसिंग बॅलन्स पद्धत आठवत असेल. समजा, एक कारखाना दरवर्षी एक लाखाचं यंत्र घेतो आणि घसारा ५० टक्के, तोही उरलेल्या किमतीवर. पहिलं यंत्र घेतलं, वहीत १ लाख. वर्षाअखेर ५० हजार. दुसरं घेतलं, दीड लाख. वर्षाअखेर ७५ हजार. तिसरं, पावणेदोन लाख. असं वाढत वाढत आकडा दोन लाखांच्या अगदी जवळ जातो आणि तिथेच रेंगाळतो, कारण दोन लाखांवरचा घसारा एक लाख, म्हणजे जेवढी खरेदी तेवढाच. आवक-जावक जुळली.

बहुतेक औषधांचं शरीरात हेच होतं. मूत्रपिंड आणि यकृत ठरावीक वेळात ठरावीक मिलिग्रॅम काढत नाहीत, जे आहे त्याचा ठरावीक हिस्सा काढतात. निम्मं औषध जायला जितका वेळ लागतो त्याला अर्धायुकाल म्हणतात. दुसरा डोस घेता तेव्हा पहिल्यातलं काही उरलेलं असतं, तिसऱ्याच्या वेळी दोन्हींतलं. प्रत्येक गोळी आरंभीच्या शिल्लकेवर पडते. पातळी स्थिर व्हायला साधारण चार ते पाच अर्धायुकाल लागतात. डोस दुप्पट केला तर पातळी दुप्पट होईल, पण तिथे पोचायला वेळ तेवढाच लागेल. (दारू हा ठळक अपवाद. तिचा घसारा स्ट्रेट लाइन, तासाला साधारण एक युनिट, कितीही प्यायलेली असो. म्हणून शनिवारी रात्री उशिरापर्यंत प्यायलेला माणूस रविवारी सकाळी गाडी चालवण्यात मार खातो.)

आता इतिहास. जूनमध्ये इथे रस्त्याकडेला, रानातल्या वाटांवर जांभळ्या घंटांचे उंच तुरे दिसतात ना, ते फॉक्सग्लव्ह. मुलांना हात लावू देऊ नका, अख्खं झाड विषारी आहे. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरकडे श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचा घरगुती काढा तपासायला आला. अंगावर पाणी चढून सुजलेली माणसं त्याने बरी होत. काढ्यात वीस-एक वनस्पती होत्या. खरं काम करणारी फॉक्सग्लव्हच, हे त्याने ओळखलं. पुढे बर्मिंगहॅममध्ये त्याने दहा वर्षं ती रुग्णांना दिली आणि १७८५ मध्ये दीडशेहून जास्त रुग्णांची हकिकत छापली, बिघडलेल्या केसेससकट. पुस्तकाच्या इंग्रजी नावाची सुरुवातच 'अ‍ॅन अकाउंट' अशी आहे. मला तो माणूस तिथेच आवडला.

विदरिंगला रक्तातली पातळी मोजता येत नव्हती, अर्धायुकाल हा शब्दही नव्हता. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. हे औषध लगेच परिणाम दाखवत नाही, आणि पहिल्या डोसचा परिणाम दिसायच्या आत पुढचे डोस देत गेलं तर सगळं एकदम अंगावर येतं. उलट्या, डोळ्यांपुढे पिवळं-हिरवं, मंदावलेली नाडी. आपले सुरुवातीचे डोस गरजेपेक्षा मोठे होते हेही त्याने स्वतःच नोंदवलं. मग त्याचा नियम ठरला. लघवी, पोट, नाडी किंवा आतडी, यांपैकी कशावरही परिणाम दिसला की थांबायचं. म्हणजे आकडे माहीत नसताना टाकी कुठवर भरली ते बाहेरून ओळखायची युक्ती.

त्याच कुळातलं डिजॉक्सिन आजही हृदयाच्या रुग्णांना देतात. त्याचा अर्धायुकाल साधारण ३६ ते ४८ तास, तोही मूत्रपिंडं धड असताना. ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे जातं आणि वयाबरोबर मूत्रपिंडांचं काम हळूहळू उतरतं. "चार वर्षं तीच गोळी" याचं पहिलं उत्तर इथे आहे. गोळी तीच आहे, पण घसाऱ्याचा दर बदललाय.

विदरिंगचा हा धडा पुढच्या पिढ्यांनी फारसा घेतला नाही. १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणांचे डॉक्टर सर चार्ल्स लोकॉक यांनी फिट्ससाठी पोटॅशियम ब्रोमाइड उपयोगी पडतं असं सांगितलं. पुढची कित्येक दशकं ते फिट्ससाठी, झोपेसाठी, 'नर्व्हज'साठी सर्रास दिलं गेलं. आता अर्धायुकाल बघा, सुमारे १२ दिवस! रोज एक डोस घेणाऱ्याच्या अंगात शेवटी एका डोसाच्या जवळजवळ १८ पट शिल्लक जमते, आणि ती जमायला पन्नास-साठ दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही. दोन महिन्यांनी माणूस अडखळतो, विसरतो, भ्रमात बोलायला लागतो, आणि दोन महिन्यांपूर्वी सुरू केलेल्या औषधावर कुणी संशय घेत नाही. उलट झोप येत नाही, बेचैनी आहे म्हणून आणखी ब्रोमाइड. शरीर ब्रोमाइडला मिठासारखंच वागवतं, त्यामुळे जेवणातलं मीठ कमी केलं की ते आणखी साठतं.

यातला सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण म्हणजे कादंबरीकार एव्हलिन वॉ. झोपेसाठी क्लोरल आणि ब्रोमाइड घेत घेत १९५४ मध्ये तो बोटीने सिलोनला निघाला आणि बोटीवर त्याला आवाज ऐकू यायला लागले. सगळे प्रवासी आपल्याविरुद्ध कट करताहेत, अशी त्याची खात्री झाली. परत आल्यावर निदान झालं, ब्रोमाइडची विषबाधा. औषध बंद केलं, आवाज गेले. या अनुभवावर त्याने १९५७ मध्ये एक कादंबरीही काढली. लेखकाचं काय, तोटासुद्धा वसूल करतो.

याच्या नेमकी उलट गोष्ट १९४१ ची, ऑक्सफर्डची. अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात नेलं होतं. १२ फेब्रुवारीला रॅडक्लिफ इन्फर्मरीत त्याला पेनिसिलिन दिलं गेलं, आणि तो सुधारायला लागला. पण पेनिसिलिन मूत्रपिंडांवाटे इतक्या भराभर बाहेर पडतं की दर तीन तासांनी द्यावं लागे, आणि जगात ते होतंच चिमूटभर. त्याच्या लघवीतून ते गाळून पुन्हा त्यालाच दिलं. पाच दिवसांत साठा संपला, आजार उलटला आणि १५ मार्चला तो गेला. बुडाला भोक असलेली टाकी भरत ठेवायची तर नळ सतत चालू हवा. अँटिबायोटिकवर 'दर सहा तासांनी' लिहिलेलं असतं आणि आपण 'तीन वेळा दिलं तरी चालेल' म्हणतो, तेव्हा मला हा पोलीस आठवतो.

या सगळ्यामागचं गणित १९३७ मध्ये स्वीडनमधल्या टोर्स्टेन टियोरेलने मांडलं, आणि १९५३ मध्ये जर्मनीतल्या फ्रीडरिश डोस्टने या शास्त्राला फार्माकोकायनेटिक्स हे नाव दिलं. डोस्ट हा मुलांचा डॉक्टर होता. लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे, त्याच्या वहीचे नियमच वेगळे असतात. १९५९ मध्ये अमेरिकेत हे फार क्रूरपणे दिसलं. क्लोरँफेनिकॉल हे अँटिबायोटिक दिलेली नवजात, विशेषतः दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं उपचाराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास राखाडी पडून दगावत होती. मोठ्या मुलांत या औषधाचा अर्धायुकाल सुमारे ४ तास, पण पहिल्या काही दिवसांतल्या बाळात सुमारे २६ तास, कारण यकृताचं ते खातं अजून उघडलेलंच नसतं. डोस वजनाप्रमाणे हिशेबाने दिलेला होता, पण सहा तासांनी पुढचा डोस पडायचा तेव्हा आधीचं बहुतेक सगळं तसंच असायचं.

आणि आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती गोष्ट, ओप्रेनची. इथे १९८० च्या दशकात राहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्या शेजारणीला विचारा, नाव आठवत असेल.

बेनॉक्साप्रोफेन हे सांधेदुखीचं औषध. इलाय लिली या अमेरिकन कंपनीच्या ब्रिटनमधल्या प्रयोगशाळेतच शोधलेलं. १९८० मध्ये ते 'ओप्रेन' या नावाने इथे बाजारात आलं. त्याचं मोठं आकर्षण म्हणजे दिवसातून एकदाच घ्यायचं, ६०० मिलिग्रॅम. बाकीच्या गोळ्या तीन-चारदा घ्याव्या लागत, ही एकदाच, कारण अंगात जास्त वेळ टिकते. जाहिरातीत हा गुण होता. सांधे कुणाचे दुखतात? म्हाताऱ्यांचे. तेव्हा औषध मुख्यतः कुणाला दिलं जाणार हे पहिल्या दिवसापासून उघड होतं.

तरुण, धडधाकट माणसात याचा अर्धायुकाल सुमारे ३० तास. ऐंशीच्या आसपासच्या रुग्णांत मोजला तेव्हा तो शंभर तासांच्या पुढे निघाला. मी स्प्रेडशीटवर दोन कॉलम मांडले. हिशेब ढोबळ आहे, शरीर म्हणजे एकच टाकी धरून केलेला, पण बघा. ३० तासांच्या माणसाच्या अंगात पहिल्या दिवशी ६०० मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी डोस घेतल्यावर ९४५, आठवड्यात १,३८०, आणि १,४०० च्या आसपास गाडी थांबते. १०० तासांच्या आजींच्या अंगात दुसऱ्या दिवशी १,१०८. फरक आहे, पण घाबरण्यासारखा नाही. आठवड्याने २,६९०. दोन आठवड्यांनी ३,५३०. तीन आठवड्यांनी ३,८००, आणि अजून थोडं चढतंच आहे. त्याच पाकिटातली, त्याच ताकदीची गोळी, रोज एक, आणि शेवटी जवळजवळ तिप्पट शिल्लक. पहिल्या दोन दिवसांत सोसली म्हणून 'मानवली' म्हणावं, तर खरा डोस अजून यायचाच असतो.

उन्हात गेलं की कातडी भाजणं, नखं सुटणं हे त्रास खूप जणांना झाले. मग ८ मे १९८२ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बेलफास्टच्या टॅगार्ट आणि अ‍ॅल्डरडाइस या डॉक्टरांनी हे औषध घेणारे पाच वयोवृद्ध रुग्ण काविळीने दगावल्याचं लिहिलं. त्याच सुमाराला अमेरिकेत हे औषध 'ओराफ्लेक्स' नावाने नव्याने विक्रीला येत होतं. ऑगस्ट १९८२ च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने परवाना थांबवला आणि कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. तोवर इथल्या औषध-सुरक्षा समितीकडे साडेतीन हजारांहून जास्त तक्रारी आणि ६१ मृत्यूंची नोंद झाली होती. या मृत्यूंना निव्वळ साठाच कारण होता असं म्हणणं बरोबर नाही. औषध यकृताला घातक ठरण्याची इतरही कारणं असू शकतात. पण ज्या वयाच्या माणसांना ते सर्वांत जास्त दिलं जाणार होतं त्यांच्यात ते किती काळ टिकतं हे तपासणं विक्रीआधीचं काम होतं, नंतरचं नव्हे. हे माझं मत आहे, आणि ऑडिट करणाऱ्या कुणाचंही हेच असेल.

पुढचा भाग तर शुद्ध हिशेबाचाच. हजाराहून जास्त लोक कोर्टात गेले, बहुतेक म्हातारे. वकिलांची कल्पना अशी की ज्यांना सरकारी लीगल एड मिळते अशा गरीब दावेदारांच्या केसेस पुढे करायच्या, म्हणजे खर्च सरकार सोसेल आणि निकाल सगळ्यांना लागू होईल. १९८७ मध्ये न्यायमूर्ती हर्स्ट यांनी ठरवलं, तसं नाही, खर्च सगळ्या दावेदारांत माणशी वाटायचा. अपील कोर्टानेही तेच म्हटलं. म्हणजे ज्या आजोबांकडे स्वतःचं छोटं घर आणि थोडी बचत होती, म्हणून लीगल एड मिळत नव्हती, त्यांनी हरण्याच्या भीतीने घर पणाला लावायचं की दावा सोडायचा? गॉडफ्री ब्रॅडमन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने अशा लोकांच्या खर्चाची हमी घेतली, म्हणून दावे टिकले. डिसेंबर १९८७ मध्ये तडजोड झाली. बातम्यांतला आकडा सुमारे साडेबावीस लाख पौंड, तोही सगळ्यांत मिळून. भागाकार तुम्हीच करा. अमेरिकेत कंपनीने मृत्यूंची माहिती सरकारला न कळवल्याचा गुन्हा १९८५ मध्ये कबूल केला, दंड २५ हजार डॉलर.

१९९३ मध्ये अमेरिका, युरोप आणि जपान यांच्या औषध नियामकांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वं काढली, की म्हाताऱ्यांसाठीचं औषध म्हाताऱ्यांवर तपासलंच पाहिजे, मूत्रपिंडांची अवस्था लक्षात घेऊन. ओप्रेनच्या तक्रारी ज्या वाटेने आल्या ती 'यलो कार्ड' योजना, थॅलिडोमाइडनंतर १९६४ मध्ये सुरू झालेली, आजही चालू आहे, आणि आता डॉक्टरच नव्हे तर रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईकही तिथे ऑनलाइन तक्रार नोंदवू शकतात. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे?

आता आपल्या घरातलं. पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल दोन-तीन तासच, त्यामुळे नेमक्या डोसात ते ब्रोमाइडसारखं साठत नाही. तिथे धोका वेगळा आहे, यकृताची एका दिवसाची कुवत. कॅलपॉलच्या बाटलीवर '२४ तासांत जास्तीत जास्त चार डोस' असतं. हे २४ तास म्हणजे तारीख नव्हे! रात्री बारा वाजता वर्ष संपत नाही. संध्याकाळी सहापासून पहाटे सहापर्यंत चार दिले असतील, तर पुढचा संध्याकाळी सहानंतरच. दुसरं, देणारे हात अनेक असतात. नर्सरीत एक दिलेला, तुम्ही कामावरून आल्यावर एक, आणि मध्ये आजीने "अंग तापलंय" म्हणून एक. फ्रिजवर कागद लावा, वेळ आणि सही. एकाच खात्याला दोन नावं असतात, हेही बघा. बाबांची तिकडची क्रोसिन किंवा डोलो आणि इथली लेमसिप, दोन्हींत पॅरासिटामॉलच आहे. आणि पिशवीतल्या गोळ्यांबद्दल शंका असेल तर कोपऱ्यावरच्या फार्मासिस्टला विचारायला अपॉइंटमेंट लागत नाही, पैसेही नाहीत. पाकिटं घेऊनच जा, कारण तिकडची ब्रँडची नावं त्यांना ओळखू येणार नाहीत. आतल्या औषधाचं नाव वाचता आलं पाहिजे.

शेवटी थायरॉइडबद्दल, कारण ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "डोस वाढवला, दहा दिवस झाले, फरक नाही, रक्त तपासू का?" थायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे सात दिवस. चार-पाच अर्धायुकाल म्हणजे पाच आठवडे, आणि शरीराच्या बाकीच्या यंत्रणेला जुळवून घ्यायला थोडे वरचे. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी तपासायला सांगतात. आईचा डोस ऑगस्टच्या सुरुवातीला बदलला आणि परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं असेल, तर ती तपासणी तिकडेच होणार. नवा डोस आणि बदलाची तारीख एका कागदावर लिहा आणि तो कागद गोळ्यांच्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.